राजर्षी शाहू महाराज आणि बंद झालेली हजेरी

आपल्या शाळेत रोज पहिल्या तासाला हजेरी होते. शिक्षक नाव उच्चारतात, मूल उभे राहून उत्तर देते आणि पटावर एक खूण होते. त्या क्षणी कोणाच्याही मनात अपमानाची भावना येत नाही. उलट, आपले नाव पटावर आहे याचा मुलाला अभिमानच वाटतो. परंतु शंभर वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात हजेरी हा शब्द ऐकताच म्हातारी माणसेसुद्धा मान खाली घालीत. ती हजेरी शाळेत होत नसे, गावच्या चावडीवर होत असे. ती विद्यार्थ्यांची नव्हती, संशयितांची होती. त्या पटावर ज्यांची नावे होती त्यांतील कित्येकांनी आयुष्यात एक काडीही चोरली नव्हती. विशिष्ट जातीत जन्म घेणे एवढाच त्यांचा अपराध होता.

करवीर संस्थानात ही हजेरी बंद करणारे राजे म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज. त्यांच्या जयंतीला आपण आरक्षणाचा, वसतिगृहांचा आणि सक्तीच्या शिक्षणाचा गौरव करतो आणि तो योग्यच आहे. हजेरीच्या प्रश्नाला मात्र भाषणात अर्धे वाक्यही मिळत नाही. वास्तविक, गुन्हा तुरुंगाच्या धाकाने थांबतो की माणसाला उभे केल्याने थांबतो, या आजही न मिटलेल्या वादाला महाराजांनी आपल्या राज्यकारभारातून उत्तर दिले होते. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र या अंगाने विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवावे, असा या लेखाचा हेतू आहे.

कैदेत संपलेला राजा

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. हा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक कसा गेला, याची कथा एका कैदेशी जोडलेली आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही.

त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. वय अवघे वीस. त्यांना वेडे ठरवून, गोऱ्या अंमलदारांच्या ताब्यात देऊन, अखेरीस अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले होते. त्यांच्या छळाविषयी वृत्तपत्रांत लिहिल्यावरून कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि टिळक व आगरकर या दोघा संपादकांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या सोजिराशी झालेल्या झटापटीनंतर या तरुण राजाचा किल्ल्यातच अंत झाला. राजा असूनही त्याला आपली बाजू मांडण्यास जागा मिळाली नाही. बंद दरवाजाच्या आत ज्याच्या हाती सत्ता असते तोच सत्य काय ते ठरवतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

या शिवाजी महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. म्हणजे दहा वर्षांचे हे मूल ज्या गादीवर बसले ती गादी एका कैदेतील मृत्यूने रिकामी झाली होती. या घटनेचा बालमनावर काय परिणाम झाला हे इतिहासकाराने कल्पनेने सांगू नये. मात्र पुढच्या आयुष्यात, बंदिस्त व निराधार माणसाविषयी सरकारी दप्तर जे सांगते त्यावर महाराज डोळे झाकून विसंबले नाहीत, एवढे निश्चित म्हणता येते.

राज्यकर्त्याची घडण

महाराजांचे शिक्षण १८८५ पासून राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि १८९० पासून धारवाड येथे फ्रेजर यांच्या देखरेखीखाली झाले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांचेही नव्हते.

कारभार हाती येऊन दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच दुष्काळ आला आणि पाठोपाठ प्लेग आला. दुष्काळात धान्याची कोठारे फुटतात, वाटमारी वाढते, हा सर्वत्रचा अनुभव. अशा वेळी पोलिसांची संख्या वाढवावी हा मार्ग कोणत्याही राज्यकर्त्याला प्रथम सुचतो. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, रस्त्यांची व तळ्यांची कामे काढली आणि कामावर येणाऱ्या आयांच्या लेकरांना सांभाळण्याचीही सोय केली. भुकेलेल्या माणसाला कायदा शिकवण्याआधी त्याच्या हाताला काम द्यावे लागते, हा धडा त्यांनी तरुण वयातच प्रत्यक्ष गिरवला होता.

दुसरा धडा त्यांना पंचगंगेच्या काठी मिळाला. छत्रपतींच्या गादीवरील राजालाही शूद्र मानून वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारण्यात आला. कर्तृत्व, पद, संपत्ती सारे असूनही जन्माने मारलेला शिक्का पुसत नाही, हा अनुभव एका राजाने घेतला. राजवाड्यातील माणसाची ही अवस्था असेल तर गावकुसाबाहेरील माणसाची काय असेल, हा विचार त्यांच्या पुढील सर्व निर्णयांच्या मुळाशी दिसतो.

हजेरीचे चक्र

१८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करण्याची वाट मोकळी झाली. या कायद्याने जगाच्या न्यायशास्त्राला उलटे केले. आधी गुन्हा, मग पुरावा, मग शिक्षा हा क्रम मोडून आधी जात, मग नोंद, मग आयुष्यभराचा पहारा असा क्रम रूढ झाला. नोंद झालेल्या माणसाने बोटांचे ठसे द्यावेत, ठरलेल्या वेळी हजर राहावे, परवान्याशिवाय गाव सोडू नये. काही जमातींना तर तारांच्या कुंपणात वसवण्यात आले. सोलापूरची अशी वसाहत पुढे कित्येक वर्षे सेटलमेंट याच नावाने ओळखली जात होती.

करवीर राज्यातही महार, मांग, रामोशी व बेरड या जातींच्या लोकांना गावकामगारांपुढे रोज हजेरी द्यावी लागे. ही पद्धत कशी चालत असेल याचा क्षणभर विचार करावा. एखाद्या माणसाला पाच कोसांवरच्या गावी सुगीचे काम मिळाले, तरी संध्याकाळी चावडीवर उभे राहायचे असल्याने तो जाऊ शकत नाही. जवळपास काम नाही, दूर जाण्याची मुभा नाही, म्हणजे चूल पेटत नाही. हजेरी चुकवून तो कामाला गेला तर तोच गुन्हा. गावात चोरी झाली तर पहिला संशय त्याच्यावर. हजेरी घेणाऱ्याच्या मर्जीसाठी त्याची फुकट कामे करावी लागत ती वेगळीच. अशा रीतीने चोरी थांबवण्यासाठी काढलेला उपायच माणसाला चोरीच्या दाराशी नेऊन सोडीत असे. मग त्याने खरोखर चोरी केली की कायदा म्हणे, पाहा, ही जात गुन्हेगार आहे हे आम्ही सांगितलेच होते.

विद्यार्थ्यांनी हे चक्र नीट समजून घ्यावे. शिक्षेचा धाक त्यालाच वाटतो ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही असते. घर, शेत, नोकरी, अब्रू यांतले काहीच ज्याच्याजवळ ठेवले नाही, त्याला तुरुंगाची भीती कशाच्या बळावर घालणार?

१९१८ सालचे निर्णय

शाहू महाराजांनी हे चक्र १९१८ साली तोडले. त्या वर्षी जूनमध्ये महार वतन बरखास्त झाले. वतनाच्या जमिनीच्या लहानशा तुकड्यापायी साऱ्या कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या गावाची व सरकारची राबणूक करावी लागे. ती जमीन त्यांच्या नावे करून देऊन महाराजांनी त्यांना स्वतंत्र शेतकरी केले. त्याच वर्षी वर सांगितलेल्या चार जातींची हजेरी बंद झाली. पुढे वेठबिगारीलाही मनाई करण्यात आली.

हे निर्णय एकमेकांपासून वेगळे वाचले तर त्यांचा अर्थ निसटतो. केवळ हजेरी बंद केली असती आणि पोट भरण्याचे साधन दिले नसते, तर ती दया ठरली असती आणि टिकली नसती. केवळ जमीन देऊन हजेरी चालू ठेवली असती, तर त्या जमिनीवर राबायला माणूस मोकळा राहिला नसता. महाराजांनी संशय काढला, जमीन दिली, श्रमाचा मोबदला दिला आणि प्रतिष्ठेची कामेही दिली. अस्पृश्य समाजातील तरुण तलाठी झाले, काहींना वकिलीची सनद मिळाली, कोणी राजवाड्यात माहूत झाले. गंगाराम कांबळे यांनी भर शहरात चहाचे दुकान काढले तेव्हा महाराज स्वतः तेथील चहा घेऊ लागले. ज्याच्या हातचा चहा राजा पितो त्याला चोर समजण्याचे धाडस गावाला सहजासहजी होत नाही.

फासेपारध्यांच्या बाबतीत तर महाराजांचा विश्वास अधिकच मोठा होता. फासे लावून हरणे-तितर पकडणारी, रानोमाळ हिंडणारी ही जमात. जंगलाचे कायदे कडक झाले, पूर्वापार शिकार हाच अपराध ठरला आणि पारधी म्हणजे चोर हे समीकरण पक्के झाले. महाराजांना स्वतःला शिकारीचा छंद असल्याने या लोकांचे कसब, त्यांची नजर व त्यांचे धैर्य त्यांना ठाऊक होते. त्यांनी फासेपारध्यांना कोल्हापूरजवळ सोनतळी येथे आणून वसवले, काम दिले आणि विशेष म्हणजे पहाऱ्याची जबाबदारी दिली. ज्यांच्यापासून राखण करायची असे जग म्हणत होते, त्यांच्याच हाती राखण सोपवली गेली. माणसावर टाकलेला विश्वास हा त्याच्यावर बसवलेल्या पहाऱ्यापेक्षा स्वस्त पडतो आणि अधिक टिकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

दंड कोणाला?

महाराजांनी शिक्षा हा शब्द राज्यातून हद्दपार केला होता, असे समजणे चुकीचे ठरेल. ते राज्यकर्ते होते. त्यांच्या राज्यात पोलीस, न्यायालये व तुरुंग होतेच. मात्र दंडाची योजना कोठे करावी याविषयी त्यांची दृष्टी वेगळी होती. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. जे पालक मुलाला शाळेत पाठवणार नाहीत त्यांना दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेच्या बाहेर राहणे हाच त्यांनी दंडनीय अपराध मानला.

त्याआधीच १९०१ सालापासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहू लागली होती. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांची तेथे सोय झाली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९०२ साली नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला होता, त्या जागांवर बसण्यास लायक तरुण या वसतिगृहांतून तयार व्हावेत हा हेतू होता. १९१९ साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा आदेश झाला. चावडीवरच्या हजेरीपटावरील नाव शाळेच्या हजेरीपटावर आणणे, असे या साऱ्या कार्याचे वर्णन करता येईल.

बाबासाहेबांच्या हाती दिलेला वारसा

३१ जानेवारी १९२० रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मूकनायक सुरू केले, त्यास महाराजांनी २५०० रुपयांचे साहाय्य केले. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे झालेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांकडे होते. महाराज तेथे स्वतः उपस्थित राहिले आणि या समाजाला आपला खरा पुढारी लाभला आहे, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत महाराजांचे निधन झाले. तेव्हा त्यांना वयाची ४८ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

महाराजांनी एका संस्थानात सुरू केलेले काम बाबासाहेबांनी देशाच्या पातळीवर नेले. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यास स्टार्ट समिती नेमली, तिचे बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांच्या मूळ उत्पत्तीवरील १९४८ सालच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी अस्पृश्य, आदिवासी व गुन्हेगार ठरवलेल्या जमाती या तिन्हींचे अस्तित्व हा येथील संस्कृतीवरील कलंक असल्याचे दाखवून दिले. पुढे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो काळा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कोल्हापुरात जे १९१८ साली घडले, ते देशात घडण्यास आणखी ३४ वर्षे लागली.

आक्षेप आणि उत्तर

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. भूक हे कारण असेल तर काम द्यावे हे ठीक, परंतु ज्याने क्रूर अपराध केला आहे त्याचे काय? त्यालाही विश्वासच द्यायचा काय? अत्याचार पीडितांवर होतो आणि अत्याचारी निर्धास्त फिरतो हे आपल्या समाजाने इतके सोसले आहे की, शिक्षा नको असे म्हणण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. शिक्षा हवीच. ती सर्वांना सारखी हवी, वेळेवर हवी, आणि ती जात पाहून नको, कृत्य पाहून हवी. परंतु शिक्षा भोगून झाल्यावर माणूस परत येतो कोठे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

याचे उत्तर आपल्याला महाराष्ट्रातच सापडते. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले लोक तेथे भिंतीशिवाय राहिले आणि त्यांनी शेती केली. कोल्हापूरच्याच मातीत जन्मलेल्या व्ही. शांताराम यांनी याच प्रयोगावरून १९५७ साली दो आंखें बारह हाथ हा चित्रपट काढला, त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. शिक्षा आणि सुधारणा या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, याचा तो पुरावा आहे. उलट आज देशातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक हे न्यायालयाने अद्याप दोषी न ठरवलेले कच्चे कैदी आहेत. जामिनासाठी उभा राहणारा कोणी नाही, म्हणूनही कित्येक गरीब तेथे खितपत पडतात. हे हजेरीचेच नवे रूप नव्हे काय?

आपल्या धम्मपरंपरेत हा विचार फार जुना आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राजा महाविजिताची कथा येते. राज्यात लुटारू माजले असता त्यांना ठार करून, बांधून वा हाकलून प्रश्न सुटणार नाही, जे उरतील ते पुन्हा त्रास देतील, असे त्याचा पुरोहित त्याला समजावतो. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला योग्य वेतन द्यावे, हा त्याने सुचवलेला उपाय. तसे केल्यावर राज्यात शांतता नांदली, असे तथागतांनी सांगितले आहे. शाहू महाराजांच्या १९१८ सालच्या निर्णयांत आणि या उपदेशात किती साम्य आहे!

आपल्या परिसरात

कोलाड परिसरातील आपल्या मुलांना हा इतिहास दूरचा वाटू नये. कुंडलिकेच्या दोन्ही अंगांना, डोंगरउतारावर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. ब्रिटिश अमदानीतील नोंदींत या समाजाकडेही चोरटे लोक म्हणूनच पाहिले गेले. आजही दिवाळी झाली की यातील कित्येक कुटुंबे वीटभट्टीवर व कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्यामागे कोणाच्या परसातील काही नाहीसे झाले की बोट कोणाकडे वळते, हे सांगण्याची गरज नाही.

मी स्वतः या दोषापासून मुक्त नाही, हे येथे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या तालुक्यातील एका वसतिगृहयुक्त शाळेत काम करीत होतो. सहावीतल्या एका कातकरी मुलाने सोबत्याच्या पेटीतून साठ रुपये घेतले आणि तो एस.टी. थांब्यावर सापडला. चोरी त्याने केली होती यात शंका नव्हती. आमची सभा दहा मिनिटांत आटोपली आणि त्याचा दाखला मी माझ्याच हाताने लिहिला. इतरांना जरब बसेल असे आम्हा सर्वांचे मत पडले. पैसे कशासाठी घेतलेस, असे त्याला कोणी विचारले नाही. भट्टीवर गेलेल्या आईकडे जाण्यासाठी त्याला गाडीभाडे हवे होते, हे मला पुढे त्याच्या वाडीवरच्या माणसाकडून कळले. जरबेचे म्हणाल, तर त्या वर्षी आणखी तीन पेट्या फुटल्या. जरब कोणालाच बसली नाही. एका मुलाचे नाव मात्र पटावरून कायमचे गेले.

त्या दिवशी मला इतिहास ठाऊक होता, पदवी होती, महाराजांची तसबीरही भिंतीवर होती. तरी मी चावडीवरच्या हजेरीदारासारखा वागलो. म्हणून आपल्या वसतिगृहाच्या व्यवस्थापनाला, शिक्षकबंधुभगिनींना व मोठ्या विद्यार्थ्यांना माझी नम्र विनंती आहे. मुलाकडून चूक झाली तर त्याला तिची जाणीव अवश्य द्यावी, घेतलेली वस्तू परत करण्यास लावावे, ज्याची वस्तू गेली त्याची क्षमा मागायला लावावी. परंतु पटावरून त्याचे नाव काढण्यापूर्वी, त्याने हे का केले, हा प्रश्न एकदा तरी विचारावा.

रोज सकाळी हजेरी होते तेव्हा एका राजाने केलेला बदल आपण अनुभवत असतो. ज्यांच्या पणजोबांची नावे संशयाच्या वहीत होती, त्यांची पणतवंडे आज ज्ञानाच्या वहीत आपले नाव ऐकून ताठ मानेने उभी राहतात. ती मान ताठ राहावी, तिच्यावर पुन्हा कोणी जन्माचा शिक्का मारू नये, हीच राजर्षी शाहू महाराजांना खरी आदरांजली ठरेल.

त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जयभीम, नमो बुद्धाय.